महिला हक्क आणि युवा स्वयंसेवक : आमच्या गटाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपला गट नेमके काय काम करतो?

दर रविवारी सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत भांडुपच्या टेकडीवरील वस्तीत आम्ही एक मदत टेबल मांडतो. महाविद्यालयीन वयाची मुले-मुली तेथे अर्ज लिहून देतात, कागदपत्रे तपासतात आणि गरज पडल्यास आठवड्यात एखाद्या दिवशी संबंधित महिलेसोबत पोलीस ठाण्यात, रेशन कार्यालयात किंवा न्यायालयात जातात. भाषणे क्वचितच होतात.

आपण सध्याच्या सरकारला परंपरावादी म्हणता. याचा अर्थ आपण सरकारविरोधी आहात का?

जे शासन स्त्रीकडे आधी कोणाची तरी आई, बहीण, लेक किंवा सून म्हणून पाहते आणि नागरिक म्हणून नंतर पाहते, त्याला आम्ही परंपरावादी म्हणतो. त्यासाठी पक्षाचे नाव पाहावे लागत नाही. अशा शासनाच्या काळात महिलांना काहीच मिळत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. पुष्कळ मिळते, पण ते ओवाळणीसारखे मिळते. ओवाळणी भाऊ प्रेमाने घालतो हे खरेच. परंतु ती किती घालायची हे तोच ठरवतो, आणि यंदा कमी घातली म्हणून कोणतीही बहीण भावावर दावा लावत नाही. हक्काच्या बाबतीत दावा लावता येतो. आमचे सगळे काम या एका फरकाभोवती फिरते.

एकाच शासनाच्या दोन निर्णयांत दोन दृष्टी दिसू शकतात, हेही आम्ही स्वयंसेवकांना आवर्जून सांगतो. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर नावानंतर प्रथम आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. तो चांगला निर्णय आहे आणि तसे म्हणताना आमची जीभ अडखळत नाही.

लाडकी बहीण योजनेवर आपण टीका करता आणि त्याच योजनेचे अर्जही भरून देता. हे कसे?

दरमहा 1,500 रुपये ही रक्कम किती मोठी आहे, हे ज्यांच्या घरात महिन्याच्या विसाव्या दिवशी गॅस संपतो त्यांनी ठरवावे, आपण ठरवू नये. 2024 साली योजना सुरू झाली तेव्हापासून आम्ही अर्ज भरून देत आहोत आणि पुढेही भरू. वय 21 ते 65, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, आधारशी जोडलेले बँक खाते : या अटी आमच्या मुलांना तोंडपाठ आहेत.

आक्षेप कोठे आहे, ते एका प्रसंगावरून सांगणे बरे. सप्टेंबर 2025 मध्ये लाभार्थी महिलांना ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, करण्यास सांगण्यात आले आणि त्यात महिलेच्या आधारसोबत पतीचे किंवा वडिलांचे आधारही मागितले गेले. त्या महिन्यात एक ताई टेबलावर आल्या. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून तीन वर्षांपूर्वी त्यांनी घर सोडले होते, वडील हयात नव्हते आणि घटस्फोटाचा दावा कधी लावलेलाच नव्हता. आमच्या स्वयंसेवक मुलीने मोबाइलवर अर्ज उघडला, त्यांचा आधार क्रमांक टाकला, त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी भरला. पुढच्या पानावर पतीचा आधार क्रमांक आणि त्याच्या फोनवर जाणारा ओटीपी हवा होता. ताई बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आता त्याला फोन करायचा?”

पुढे मुदत वाढली आणि विधवा व घटस्फोटित महिलांनी मृत्यू प्रमाणपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यावी, अशी सोय झाली. पण ज्यांनी घर सोडले आहे आणि हातात कोणताही आदेश नाही, त्यांचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. अर्जाची रचना करणाऱ्यांच्या मनात दुष्टपणा होता, असे आम्हाला वाटत नाही. बाईच्या पाठीशी कोणीतरी पुरुष असतोच, हे त्यांनी न बोलता गृहीत धरले होते, इतकेच. आम्ही त्या ताईंना कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करण्याची वाट दाखवली. 1,500 रुपयांसाठी टेबलावर आलेल्या महिलेला पोटगी मागता येते, हे तिला त्याच दिवशी कळले.

महिला हक्क ही आपल्या संस्कृतीत बाहेरून आलेली गोष्ट आहे, असे घरचे म्हणतात. काय उत्तर द्यावे?

उत्तर गिरगावातून द्यावे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. 1887 मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा असा आदेश दिला, तेव्हा रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. या खटल्याने पेटलेल्या वादातून 1891 चा संमतिवयाचा कायदा आला, ज्याने मुलींसाठी संमतीचे वय 10 वरून 12 केले. त्या कायद्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत मराठी माणसे होती आणि पाठिंबा देणाऱ्यांतही होती. म्हणजे हे भांडण घरातलेच आहे आणि चांगले सव्वाशे वर्षांहून जुने आहे.

याच मुंबईत 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. 1921 मध्ये र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या कामापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी गमवावी लागली. गिरणीतील बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी यासाठी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकर बोलले आणि 1929 मध्ये तसा कायदा मुंबई प्रांतात झाला. 1972 नंतरच्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांपैकी कित्येकींनी स्त्रीवाद हा शब्द ऐकलाही नसेल. घरच्यांना हे सांगताना आवाज चढवू नये. आजीला विचारावे, लाटणे मोर्चात ती स्वतः किंवा तिची शेजारीण गेलेली असण्याची शक्यता मुंबईत बरीच आहे.

स्वयंसेवक कोण होऊ शकतो? किती वेळ द्यावा लागतो?

वय 18 पूर्ण असावे. महिन्यातून दोन रविवार आणि सुरुवातीचे चार प्रशिक्षण वर्ग बंधनकारक आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, असलेल्या विद्यार्थ्यांना वर्षाला 120 तास पूर्ण करायचे असतात. महाविद्यालयाने मान्यता दिल्यास आमच्याकडील तास त्यात धरता येतात.

महाविद्यालय मान्यता देत नसेल तर?

हा प्रश्न अलीकडे वाढला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एनएसएसची सुरुवात 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी झाली. वृक्षारोपण, रक्तदान, स्वच्छता या उपक्रमांना कोणीही अडवत नाही आणि अडवूही नये. पण घरगुती हिंसाचारावर माहिती देणारा उपक्रम म्हटला की कार्यक्रम अधिकारी अस्वस्थ होतात. त्यांचेही चुकते असे नाही. वरून विचारणा झाली तर उत्तर त्यांना द्यावे लागते. एका महाविद्यालयात आमच्या सत्राचे शीर्षक तीनदा बदलले गेले. ‘स्त्रियांचे कायदेशीर हक्क’ याचे आधी ‘महिला सक्षमीकरण’ झाले, मग ‘नारीशक्ती जागर’ आणि अखेर सत्राच्या दिवशी फलकावर ‘रांगोळी व व्याख्यान’ असे लिहिलेले होते. रांगोळी छान होती. व्याख्यानाला वीस मिनिटे मिळाली.

आम्ही आता परवानगीचा विनंतीअर्ज वेगळ्या रीतीने लिहितो. उच्च शिक्षण संस्थांतील लैंगिक छळास प्रतिबंध करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 मध्ये विनियम केले आहेत. त्यांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असणे आणि विद्यार्थ्यांमध्ये या विषयाची जाणीव निर्माण करणे ही संस्थेची जबाबदारी आहे. 2013 चा कार्यस्थळावरील लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही संस्थेला लागू आहेच. तेव्हा ‘कृपया आम्हाला येऊ द्यावे’ असे न लिहिता ‘विनियमांनुसार आपल्या संस्थेने घ्यावयाच्या जाणीवजागृती सत्रासाठी आम्ही विनामूल्य साहाय्य करू शकतो’ असे लिहावे, अर्ज आवक विभागात द्यावा आणि शिक्का मारलेली पोच घ्यावी. एवढ्याने प्राचार्यांचीही सोय होते, कारण कोणी विचारले तर त्यांना विनियमाकडे बोट दाखवता येते.

पोलीस ठाण्यात स्वयंसेवकाने काय करायचे असते?

सोबत बसायचे, ऐकायचे, लिहून ठेवायचे आणि कमीत कमी बोलायचे. तक्रार त्या महिलेची आहे. आपण वकील नाही आणि तिचे पालकही नाही. तथापि गप्प बसायचे म्हणजे काहीही माहीत नसावे असे नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा, गुन्ह्याची खबर पोलीस ठाण्याने नोंदवून घेतली पाहिजे आणि तिची प्रत विनाशुल्क दिली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते. साक्षीदार म्हणून चौकशीसाठी महिलेला तिच्या राहत्या घराखेरीज अन्यत्र येण्यास भाग पाडता येत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते.

आमच्या अनुभवात सरळ नकार क्वचित मिळतो. “बसा, साहेब येतील” हे अधिक ऐकू येते, आणि त्यापाठोपाठ “संसार आहे, भांड्याला भांडे लागायचेच” हे वाक्य येते. मागील पावसाळ्यात एका ठाण्यात दुपारी चार वाजता गेलेल्या ताईंना रात्री साडेनऊपर्यंत बाकावर बसवून ठेवले आणि शेवटी अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, करून हातात एक चिठ्ठी दिली. त्यांच्या दंडावर काळेनिळे वळ होते आणि छळ गेली चार वर्षे चालू होता. सोबतच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने वाद घातला नाही. त्याने वहीत वेळा लिहिल्या होत्या : किती वाजता आलो, कोण काय म्हणाले, कोणत्या टेबलावर पाठवले. दुसऱ्या दिवशी ती वही समोर ठेवून वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहिला, त्याला रुग्णालयाच्या कागदांची झेरॉक्स जोडली आणि पोच घेतली. चौथ्या दिवशी भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली, म्हणजे पूर्वीच्या 498 अ च्या जागी आलेल्या कलमाखाली, गुन्हा नोंदला गेला. त्या मुलाच्या वहीचा नमुना आता आमच्या प्रशिक्षणात वापरला जातो.

पोलिसांत चांगली माणसे भेटतात हेही नमूद करायला हवे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत 1984 मध्ये सुरू केलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष पोलिसांच्याच आवारात चालतात आणि तेथील प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांकडे आम्ही कित्येक महिलांना पाठवतो. तातडीच्या वेळी 112, मुंबई पोलिसांचा 103 आणि महिला मदतवाहिनी 181 हे तीन क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाने पाठ करावेत.

गुन्हा नोंदवायचा नसेल तर महिलेला दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि बहुतेकींना तोच हवा असतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा प्रामुख्याने दिवाणी स्वरूपाचा दिलासा देतो : संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई. घर कोणाच्या नावावर आहे हा मुद्दा तेथे आडवा येत नाही. सासऱ्यांच्या मालकीचे घरदेखील सामायिक घर, म्हणजे सुनेला राहण्याचा हक्क असलेले घर, ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये स्पष्ट केले. मुंबईत दहा बाय बाराची खोली हीच घराण्याची सगळी इस्टेट असते, त्यामुळे या एका निकालाने किती बायकांना फुटपाथवर येण्यापासून वाचवले असेल, याची कल्पना करावी.

अर्ज या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. तारखा पडत राहतात आणि हे महिलेला पहिल्याच दिवशी सांगावे. वकिलाची फी परवडत नसल्याची काळजी मात्र करू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते.

अठरा वर्षांखालील मुलगी विश्वासाने काही सांगत असेल तर?

“कोणाला सांगणार नाही” असे वचन कधीही देऊ नये. पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर ती कळवण्याचे बंधन आहे. बोलणे सुरू होण्याआधीच तिला हे शांतपणे सांगावे आणि त्याच दिवशी गटाच्या समन्वयकांना कळवावे. पीडित व्यक्तीचे नाव, छायाचित्र, शाळा, इमारत यांपैकी काहीही व्हॉट्सॲपवर जाता कामा नये. ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आंतरधर्मीय किंवा आंतरजातीय जोडपे मदतीसाठी आले तर आपण काय करता?

प्रथम दोघांची वये आणि वयाचे पुरावे पाहतो, नंतर मुलीशी एकटीशी बोलतो. तिच्यावर दबाव नाही ना, मग तो घरच्यांचा असो किंवा मुलाचा, याची खात्री झाल्याशिवाय पुढे जात नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाहाची नोटीस 30 दिवस लावावी लागते आणि धोका बहुधा त्याच काळात असतो, कारण नोटीस पाहून बातमी गावाला पोहोचते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवास आणि पोलिसांचे विशेष कक्ष उभारण्याचे निर्देश राज्यांना दिले आहेत. आम्ही पोलिसांना देण्याच्या अर्जात त्या निकालाचा उल्लेख करतो.

राज्यात या विषयावरील वातावरण तापलेले आहे. डिसेंबर 2022 मध्ये शासनाने विवाह-कुटुंब समन्वय समिती नेमली. तिच्या कक्षेत आधी आंतरजातीय विवाहही होते, पुढे ती आंतरधर्मीय विवाहांपुरती ठेवण्यात आली. फेब्रुवारी 2025 मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली कायद्याचा विचार करण्यासाठी आणखी एक समिती आली. लेकीची काळजी वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु सज्ञान मुलीने कोणाशी लग्न करावे याची चौकशी शासनाने करावी, हे आम्हाला मान्य नाही. असे प्रकरण नवख्या स्वयंसेवकाने एकट्याने हाताळू नये आणि जोडप्याला स्वतःच्या घरी ठेवून घेण्याचे धाडस मुळीच करू नये.

गर्भपाताविषयी माहिती देणे कायदेशीर आहे का?

होय. गर्भपाताच्या कायद्यातील 2021 च्या सुधारणेनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या आणि ठरावीक प्रवर्गांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्या प्रवर्गांत अविवाहित महिलाही येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी सांगितले. सज्ञान महिलेची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, रुग्णालयाच्या खिडकीवर काहीही सांगितले तरी. गर्भलिंग तपासणी हा मात्र गुन्हा आहे. त्याविरुद्ध देशातील पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला, तोही मुंबईतील कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे.

गटाचा खर्च कसा चालतो? परदेशी देणग्या घेता का?

घेत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते उघडणे सक्तीचे झाले. झेरॉक्स, रिक्षाभाडे आणि चहा यांसाठी एवढा व्याप करण्याचे कारण नाही. शेजारपाजारची मंडळी दरमहा शंभर-दोनशे रुपये देतात, प्रत्येकाला पावती मिळते. हिशेब दरवर्षी तपासून घेतले जातात आणि विश्वस्त बदलले की वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज वेळेवर दाखल होतो. कोणी चौकशीला आले तर फाइल पुढे ठेवता यावी, ही त्यामागची साधी दूरदृष्टी आहे.

निवडणुकीत आपण कोणाचा प्रचार करता?

कोणाचाही नाही. प्रचार करावयाचा असल्यास स्वयंसेवकाने तेवढा काळ टेबलावरून रजा घ्यावी. महापालिकेच्या 227 जागांपैकी निम्म्या महिलांसाठी राखीव आहेत, म्हणून प्रश्न घेऊन आम्ही नगरसेविकेकडे जातो, मग ती कोणत्याही पक्षाची असो. कार्यालयात तिच्या खुर्चीवर तिचे यजमान बसलेले आढळल्यास आम्ही बाहेर थांबतो आणि बाई येईपर्यंत थांबतो.

मुलग्यांना प्रवेश आहे का?

आहे. सध्याच्या स्वयंसेवकांत जवळपास एक तृतीयांश मुलगे आहेत. महिलेने सांगितले तरच मुलगा बोलण्याच्या वेळी उपस्थित राहतो. एरवी पाणी भरणे, टेबल उचलणे आणि सतरंजी झटकणे ही कामेही मुलग्यांच्या वाट्याला ठेवलेली आहेत, कारण पहिल्या वर्षी ती कोणीही न सांगता मुलींकडे गेली होती.

पहिल्या रविवारी येताना काय आणावे?

दोन निळी पेने, शंभर पानी वही, पाण्याची बाटली आणि सुटे पैसे. भांडुप पश्चिमेकडून शेअर रिक्षा टेकडीच्या पायथ्यापर्यंत येते. पुढे पायऱ्या आहेत, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ असते, म्हणून चपला नकोत, बूट असावेत. ओळखपत्र गळ्यात अडकवावे, पण वर येईपर्यंत ते सदऱ्याच्या आत ठेवावे. ज्या ताई तुमच्यासोबत टेबलापर्यंत चालत येतील, त्यांच्यापैकी काहींनी घरी भाजी आणायला जाते असे सांगितलेले असते.